वही ठेवा, वार ठरवा : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

या वेळेस पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे विषय वेगवेगळे असले, कुणाचा पोरांचा, कुणाचा कुत्र्यांचा, कुणाचा म्हाताऱ्या माणसांचा, तरी प्रश्न आतून एकच होता. सुरू केलं तेव्हा खूप जण होते, आता दोघं-तिघं उरलोय, पुढे कसं रेटायचं? म्हणून ही पाच पत्रं एकत्रच घेते. नावं कुणाचीच छापत नाही, काहींनी तशी विनंती केलीय आणि बाकीच्यांसाठी मीच तसं ठरवलंय.

पत्र पहिलं

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मागच्या वर्षी आम्ही बायकांनी मिळून आठवीतल्या एका पोरीचं लग्न थांबवलं. चौदा जणी होतो. त्यानंतर भावकीतून इतकं ऐकावं लागलं की एकेक करून सगळ्या गळाल्या, आता मी धरून तिघी. वरून दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं, मागे म्हातारी माणसं, लेकरं आणि चार शेरडं उरतात. कुणाकडे बघायचं आणि किती दिवस? – एक सेविका

उत्तर : सेविकाताई, आधी एक सांगते, चौदाच्या तीन झाल्या म्हणजे काम बुडालं असं नाही, लग्न थांबवायच्या दिवशी जमणाऱ्या चौदा असतात आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या घरी जाऊन बसणाऱ्या तीनच असतात, हे मी गावोगाव बघितलंय. तुमचा जिल्हा काय सोसतोय ते तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचकांसाठी लिहिते की 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या ज्या बायकांना विचारलं त्यांच्यातल्या राज्यभरात साधारण 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, बीडमध्ये हाच आकडा जवळजवळ 44 आणि परभणीत 48. आणि ते काही आईबापांना लेक नकोशी असते म्हणून नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, सहा महिने उसाच्या फडात राहायचं, मग वयात आलेली पोरगी रिकाम्या घरात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि सोबत नेली तर फडाजवळच्या कोपीवर, त्या तात्पुरत्या झोपडीत, तिचं काय होईल? ही भीती खरी आहे. म्हणून लग्नाच्या मांडवात जाऊन अडवणं हे आपल्या कामाचं शेवटचं टोक आहे, सुरुवात नाही. सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरात करायची, उचल हातात पडायच्या आधी.

एक दोनशे पानी वही घ्या. फार काही नको, पाच रकाने आखा : घर, मागे कोण राहणार, लेकरू कितवीत, त्याच्यावर लक्ष कुणाचं, फोन. ज्या घरातून दोघंही जाणार त्या प्रत्येक घरात एकदा जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, आणि विचारायचं की पोरं कुठं ठेवणार? ही यादी झाली की मुख्याध्यापकांकडे जा, कारण हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जातो आणि तो वेळेत गेला तर लेकरं गावातच आजी-आजोबांजवळ राहून शाळेत जेवतात. गाव ओस पडल्यावर प्रस्ताव केला तर पोरं आधीच फडात गेलेली असतात, मग ताटं कुणासाठी मांडायची? जी लेकरं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. आता कार्ड मिळालं म्हणून तिथली शाळा हसत घेतेच असं नाही हेही खरं, पण कागद हातात असला तर बाप निदान दारात उभा राहून भांडू शकतो.

आता भावकीचं. तुम्हाला एकटीला शिव्या पडतात कारण काम तुमच्या नावावर झालं. खरंतर ग्राम बाल संरक्षण समिती ही कागदावर तुमच्या गावात असायलाच पाहिजे, सरपंच तिचे अध्यक्ष आणि सेविका सदस्य सचिव, आणि खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. म्हणजे जबाबदारी त्यांची आहे, तुमची एकटीची नाही! दर महिन्याला एक बैठक लावा, चार माणसं आली तरी लावा, इतिवृत्त लिहा, सह्या घ्या. पुढच्या वेळेस कुठे लग्नाची कुणकुण लागली की ग्रामसेवकांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतलेला कागद असला की "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणायची सोय राहत नाही. ऐनवेळेस 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहेच, फोन करणाराचं नाव ते बाहेर सांगत नाहीत, आणि तुमच्या तिघींपैकी कुणी फोन केला हे तुम्ही तिघींनीही एकमेकींना विचारू नका.

ही 1098 ची गोष्टही ऐकून ठेवा. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या पोरांसाठी हा फोन सुरू केला, एका शहरापुरता. पुढे तो देशभर गेला आणि 2023 पासून सरकारच्या महिला व बालविकास खात्याने तो आपल्याकडे घेऊन तातडीच्या मदतीच्या 112 ला जोडला. मधल्या सत्तावीस वर्षांत फोन उचलणारी माणसं किती बदलली असतील. नंबर तोच राहिला म्हणून पोरांना पाठ झाला. तुमच्या गावातही तसंच करा, माणसं बदलू देत, दर महिन्याचा एक वार आणि एक जागा बदलू नका. दुसरा शनिवार, अंगणवाडीत, चार वाजता. तीन जणी असल्या तरी सतरंजी टाकायची.

आणि ती आठवीतली पोरगी? पत्रात तिच्याबद्दल पुढे काही लिहिलं नाहीत. ती शाळेत जातेय का, घरात तिला बोलतं का कुणी, दहावीपर्यंत पोचेल का, हे तुमच्या वहीचं पहिलं पान असू दे. लग्न थांबवून पोरगी घरात नुसतीच बसली तर पुढच्या हंगामाला परत तेच होणार.

शेरडांचं राहिलंच. म्हाताऱ्या माणसाला जनावर घेऊन तालुक्याला जाणं होत नाही, 1962 ला फोन केला की सरकारी फिरतं पथक येतं, तो नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मागे एकटी राहिलेली आजी स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जायची नाही पण शेळीसाठी फोन नक्की करेल, आणि त्या निमित्ताने तिच्याकडेही कुणीतरी बघून येईल.

पत्र दुसरं

आमची पुण्यातली मोठी सोसायटी आहे. मी आणि माझी मैत्रीण सहा वर्षं अकरा कुत्र्यांना खायला घालतो. सुरुवातीला ग्रुपवर तीस-चाळीस लोक पैसे पाठवायचे, आता कुणी नाही. मीटिंगमध्ये आमच्यावर ओरडतात. मागच्या महिन्यात एका लहान मुलाच्या पायाला कुत्रा चावला आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये सुद्धा कुणी बोलत नाही. आम्ही चुकतोय का? – दोघी मैत्रिणी

उत्तर : नाही चुकत, पण एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती आणि तीच मला सगळ्यात आधी विचारायचीय. त्या मुलाच्या घरी तुम्ही गेलात का? गेला नसाल तर हे वाचून झाल्यावर जा. बरोबर काही नेऊ नका, सल्ला तर अजिबात नको, फक्त विचारा की इंजेक्शनं पूर्ण झाली का, पुढची तारीख कधी आहे, कुणी सोबत यायला हवंय का. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, ही लस सरकारी रुग्णालयात मिळते, आणि रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही म्हणून एकही डोस चुकवायचा नाही. हे सोसायटीतल्या प्रत्येक घरात तुम्हीच सांगायला पाहिजे, कारण तुम्ही कुत्र्यांच्या बाजूच्या आहात. घाबरणाऱ्या आईची भीती तुम्ही खोटी ठरवलीत तर ती तुमचं कधीच ऐकणार नाही, आणि तिची भीती खोटी नाहीचे.

आता अकराचा हिशेब. अकरापैकी किती जणांच्या कानाला खूण आहे? नसबंदी झालेल्या कुत्र्याचा कान थोडासा कापलेला असतो, लांबून ओळखू येतो. एक जरी मादी सुटली तरी दोन महिन्यांत पिल्लं आणि वर्षातून दोनदा हेच, म्हणजे तुम्ही कितीही पोळ्या केल्यात तरी कमीच. बघा, खायला घालणं डोळ्यांना दिसतं म्हणून आपण तेच करत राहतो आणि नसबंदी, दरवर्षीची लस ही कंटाळवाणी कामं मागे पडतात. मी तर म्हणेन दोन महिने खाण्याचा खर्च निम्मा करा पण अकराच्या अकरा जणांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्या, महापालिकेकडे अर्ज द्या, त्याचीही पोच घ्या. प्रत्येक कुत्र्याचं एक पान : रंग, खूण, नसबंदीची तारीख, लसीची तारीख, कुठल्या बिल्डिंगखाली झोपतो. ही वही घेऊन मीटिंगला गेलात की बोलणं बदलतं, कारण "तुमची कुत्री" याच्या जागी "चार नंबरच्या खाली झोपणारा तांबडा, मार्चमध्ये लस झालीय" असं बोलता येतं आणि ओरडणाऱ्याला पण नेमका प्रश्न विचारावा लागतो.

जागेचं म्हणाल तर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सरळ लिहिलंय की खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी आणि वेळही मुलं-म्हातारी माणसं फिरत नसतील अशी हवी. आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कुत्र्यांना खायला ठरवून दिलेल्या जागीच घालायचं, रस्त्यात कुठेही नाही. म्हणजे गेटच्या बाजूला घालत असाल तर ते आजच बंद करा. कुणी कुत्र्याला मारलं, विष घातलं तर मात्र गप्प बसू नका, भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला मारणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, तेवढाच लोकांच्या लक्षात राहिलाय आणि म्हणून कुणी घाबरत नाही.

पैशांबद्दल, ग्रुपवर फोटो टाकून "मदत करा" म्हणणं सोडा. त्यातून एकदाच पैसे येतात. चार घरं धरा जी महिन्याला शंभर रुपये देतील आणि त्यांना दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब पाठवा, बिलांच्या फोटोसकट, मागो न मागो.

पत्र तिसरं

आमच्या सिंधुदुर्गातल्या वाडीत 22 घरं, त्यातली नऊ बंद आणि सात घरांत एकेकटी म्हातारी माणसं. आम्ही चार-पाच जणांनी लॉकडाऊनमध्ये रोज जाऊन विचारपूस करायचं चालू केलं होतं. आता पोरं कामाला लागली, मी एकटाच जातो, माझंही वय 61. – एक वाचक

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला आमच्या जुन्या वाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आठवल्या. रोज सकाळी दूधवाला त्यांच्या कडीला पिशवी अडकवून जायचा आणि साडेसातला ती आत जायची. एके दिवशी अकरा वाजले तरी पिशवी तिथेच, दाराखालून पाणी गळायला लागलेलं, पायरीवर थेंब थेंब. ते बघितलं कुणी, तर पोस्टमनने. आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुबा मोडलेला, पण शुद्धीत होत्या आणि पुढे चार वर्षं जगल्या. आम्ही दहा-बारा बिऱ्हाडं त्याच जिन्याने खाली-वर करत होतो, आमच्या कुणाच्या डोळ्यांत ती पिशवी आली नाही.

तेव्हापासून मी सांगते की एकट्या माणसाकडे बघायला वेगळं कुणी नेमू नका, जो रोज तसाही जातो त्यालाच एक खूण सांगून ठेवा. तुमच्या वाडीत रोज कोण जातं? दूध घालणारा, पोस्टमन, आशाताई, रेशन दुकानदार महिन्यातून एकदा, शाळेत जाणारी पोरं. सातही घरांशी ठरवून टाका, सकाळी उठलं की ओटीवरचं दार उघडायचं किंवा अंगणातल्या दोरीवर पंचा टाकायचा. नऊपर्यंत पंचा दिसला नाही की शाळेत जाणाऱ्या पोराने तुम्हाला हाक मारायची. बस इतकंच. मग तुम्हाला रोज सात घरं चढायची गरज नाही, वार लावून घ्या, सोमवारी दोन घरं, बुधवारी तीन, शनिवारी दोन, आणि गेलात की बसा जरा.

आणि चाकरमान्यांना सोडू नका! गणपतीत सगळे येतात, आरतीनंतर दहा मिनिटं मागा. मुंबईतल्या तुमच्या ग्रामस्थ मंडळाकडे फक्त देवळाच्या रंगाची वर्गणी कशाला मागायची, प्रत्येक बंद घरामागे एक माणूस ठरवा जो दर रविवारी वाडीतल्या एका म्हाताऱ्याला फोन करेल, स्वतःच्या आईलाच नाही, दुसऱ्याच्याही. नऊ बंद घरं आणि सात म्हातारी माणसं, हिशेब जुळतोय.

कागदांचं काम तुमच्याकडे ठेवा कारण ते तुम्हाला जमेल असं पत्रावरून वाटतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये सातपैकी कुणाचे अडकलेत का बघा, पेन्शन असेल त्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, तो पोस्टमन घरी येऊन मोबाईलवर अंगठा घेऊन करून देतो. एखाद्याला मुलं बघतच नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, आणि सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावावर करून दिलं असेल अन् तो सांभाळत नसेल तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. अट कागदात लिहिलेली असणं महत्त्वाचं, म्हणून आत्ता कुणी बक्षीसपत्र करायच्या बेतात असेल तर त्याला आधी थांबवा. पण अनुभवाने सांगते, बरीचशी आईवडील माणसं अर्ज करणार नाहीत, पोराची बदनामी नको म्हणतात. त्यांना जबरदस्ती करू नका. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे, तिथे नुसतं बोलता येतं, सल्ला मिळतो आणि समजूत घालायला माणूसही मिळतो.

पत्र चौथं

आमच्या तरुण मंडळाने स्टेशनवर भीक मागणाऱ्या पोरांचे व्हिडिओ टाकले, खूप व्ह्यूज आले, आता संस्था रजिस्टर करायची म्हणतोय. काय कागद लागतात? – एक कार्यकर्ता

उत्तर : आधी ते व्हिडिओ काढून टाका. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही दाखवणं गुन्हा आहे, तुमचा हेतू चांगला असला तरी. तेच पोर दहा वर्षांनी नोकरीला गेलं आणि कुणी तो व्हिडिओ समोर धरला तर? पोर दिसलं की 1098, मग बालकल्याण समिती, चोवीस तासांच्या आत तिच्यासमोर न्यावं लागतं, तुम्ही आपल्या घरी घेऊन जायचं नाही. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर कळवणं ऐच्छिक नाही, पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

संस्थेचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की दोन वर्षं थांबा. सात जण लागतात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणीत माणूस बदलला की बदल अर्ज, आणि पहिलं भांडण होतं ते अध्यक्ष कोण यावरून. मी ज्या एका संस्थेत होते तिथे पोरांसाठी घेतलेली वेळ शेवटच्या वर्षी तारखांना कोर्टात जाण्यात गेली. दोन वर्षं तुम्ही दर रविवारी स्टेशनवर गेलात आणि वहीत 104 रविवारांपैकी नव्वद भरले असतील तर खुशाल नोंदणी करा, मग कागदांची यादी मी स्वतः पाठवते.

पत्र पाचवं

23 वर्षं करतेय, मुलांचं, मग बायकांचं, मग म्हाताऱ्यांचं. रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. सोडावंसं वाटतं पण सोडलं तर सगळं पडेल असंही वाटतं. – थकलेली

उत्तर : सोडा. मनापासून सांगते, दोष न घेता सोडा. छातीत धडधडतं ते आधी डॉक्टरांना दाखवा, ते कामाचं म्हणून अंगावर काढू नका, आणि त्यासाठी अजिबात थांबायचं नाही.

काम सोडायला मात्र सहा महिने घ्या. तुमच्या डोक्यात जे आहे ते वहीत उतरवा : कुठल्या पोलीस ठाण्यात कोण नीट बोलतं, कुठला डॉक्टर रात्री दार उघडतो, कुठल्या घरात सासऱ्यासमोर विषय काढायचा नाही. हे कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नसतं आणि तुमच्या 23 वर्षांची कमाई हीच. मग जी पोरगी पुढे करणार आहे तिला घेऊन प्रत्येक ठिकाणी स्वतः जा, "आता ही येईल" असं तिच्यासमोर सांगा आणि पुढच्या वेळेस तुम्ही बाहेर बाकावर बसा. रात्रीचा फोन आजच वाटून घ्या, आठवड्याचे सात दिवस तीन जणींत, ज्या रात्री तुमची पाळी नाही त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत.

ती तुमच्यासारखं करणार नाही. काही गोष्टी तुमच्यापेक्षा वाईट करेल, एखादी केस हातची जाईल आणि तुम्हाला रात्रभर झोप लागणार नाही. तरी पहिले तीन महिने तुम्ही होऊन तिला फोन करू नका. तिचा आला की मात्र पहिल्या रिंगला उचला.